खिशाचं पान

आपल्याकडे माणूस जन्मभर राबतो, उतारवयात चार खोल्या बांधतो आणि फाटकाशेजारी पाटी लावतो: 'श्रमसाफल्य'. शेजारी 'मातृछाया' असते, समोर 'कृतार्थ'. कराडात नदीच्या दोन्ही अंगांना मिळून 'श्रमसाफल्य' किती, हे जुन्या पोस्टमनना तोंडपाठ होतं. घराचं नाव, आडनाव आणि आतल्या माणसाचा स्वभाव अशा तीन गोष्टी जुळवून ते टपाल टाकायचे. मग पोस्टमन गेले आणि त्यांच्या जागी चाकांचे डबे आले. गुडघ्याएवढा पिवळा डबा रस्त्याच्या कडेनं लुटुलुटु चालत यायचा, पाटी वाचायचा, पोटातलं पार्सल पायरीवर ठेवायचा आणि 'धन्यवाद' म्हणून निघून जायचा. हे डबे जिथं शिकून आले तिथं एका नावाचं घर एकच असतं. अख्ख्या गावाला एकच नाव आवडावं, हे त्यांच्या शिक्षणात कुठं बसणार?

म्हणून मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी विद्यानगरातल्या 'श्रमसाफल्य'च्या, म्हणजे उज्ज्वला भोईटेच्या, पायरीवर भलत्याच घराची गंधपोथी येऊन पडली.

गंधपोथी म्हणजे तसं फोटोंचंच पुस्तक. फोटो आपणच निवडायचे, आपणच पानांवर मांडायचे, खाली दोन ओळी लिहायच्या, छापून मागवायचं. हे तर पूर्वीपासून होतं. नवं होतं ते कागदात. फोटोंसोबत त्या माणसानं अंगावर घातलेला एक कपडा पाठवावा लागे. तळेगावच्या कारखान्यात तो काचेच्या हंडीखाली ठेवून त्यातून कोमट हवा सोडत, आणि कपड्यातून जे काही उडून येई ते चारशे संवेदकांची एक चकती वाचून काढी. माणसाच्या अंगाचा वास म्हणजे काहीशे रेणूंची मिसळ. रेणू सगळ्यांचे थोडेफार तेच, प्रमाण मात्र ज्याचं त्याचं. तेच प्रमाण शाईत साधायचं, शाई धुळीहून बारीक गोळ्यांत भरायची आणि गोळ्या कागदावर छापायच्या. पानावर अंगठा घासला की काही गोळ्या फुटतात आणि वास वर येतो. एक पान साधारण दोनशे वेळा घासता येतं. मग ते नुसता कागद होतं.

वासच का, असं कुणी विचारलं तर कारखान्याची माहितीपुस्तिका सांगे: डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं मेंदूत आधी एका चौकीवर थांबतं, तिथं त्याची झडती होते आणि मग ते आत जातं. वासाला ही चौकी नाही. तो नाकातून निघतो तो थेट आठवणी जिथं राहतात त्या आळीत शिरतो. झोपेतसुद्धा. म्हणून पुस्तिकेत शेवटी बारीक अक्षरात छापलेलं असे, की पोथी उशाशी घेऊन झोपू नये.

आणखी दोन गोष्टी होत्या. वाचताना कपड्यातला सगळा वास निघून जाई, त्यामुळे तो पुन्हा वाचता येत नसे. आणि अंगाचा वास हा बोटांच्या ठशांइतकाच खासगी असल्यानं कायद्यानं एका वासाची एकच प्रत काढता येई. पोथी पोहोचल्यावर पंधराव्या दिवशी कारखान्यातली नोंद पुसली जाई.

उज्ज्वलानं पाठवला होता नवऱ्याचा शर्ट. जयसिंग भोईटे जाऊन चार वर्षं झाली होती. दोघांनी मिळून नदीकाठी रोपवाटिका चालवली, मिरची, टोमॅटो, कोबीची रोपं अर्ध्या तालुक्याला पुरवली. तो तोंडाच्या कॅन्सरनं गेला. बाराव्याला आलेली एक चुलत जाऊ चहाची बशी हातात धरून म्हणाली होती, "बाईमाणसानं घरात लक्ष दिलं असतं तर तंबाखू कवाच सुटली असती." उज्ज्वलानं तिच्या बशीत आणखी चहा ओतला. पण ते वाक्य तिच्यात मुरत गेलं, आणि दुसऱ्या वर्षापर्यंत ते जावेचं उरलं नाही, तिचं स्वतःचं झालं.

आजारपणाआधीचा त्याचा निळसर शर्ट तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कपाटात ठेवला होता. आठवड्यातून एकदा पिशवी सोडायची, चेहरा आत घालायचा, दोन श्वास घ्यायचे आणि पुन्हा बांधायची. त्या दिवाळीत तिनं पिशवी सोडली आणि नुसत्या प्लास्टिकचा वास आला. ती तिथंच पलंगावर बसून राहिली. माणूस एकदा जातो हे तिनं सोसलं होतं. दुसऱ्यांदा जातोय हे तिला सोसवेना. नाकाला येत नाही तेही यंत्राला येतं असं ऐकून त्याच आठवड्यात तिनं गंधपोथी मागवली.

आणि आता पोथी उघडली तर आत गमबूट घातलेला एक गोरटेला तरुण, हिरव्यागार टेकडीवर, मागं शंभरेक गाई. खाली ओळ होती: 'आईसाठी. विकीचा गोठा, न्यूझीलंड.' तिनं तरीही, वेड्या आशेनं, पानावर अंगठा घासला. साबणाचा वास आला. लिंबू घातलेला, स्वच्छ, इस्त्रीचा.

तिनं तक्रार नोंदवायला फोन लावला. पलीकडून मंजिरी नावाचं यंत्र बोललं. त्याचं मराठी इतकं शुद्ध होतं की उज्ज्वला नकळत सावरून बसली.

"आमच्या नोंदीनुसार आपली पोथी 'श्रमसाफल्य' येथे पोहोचली आहे."

"पोहोचली असेल. पण दुसऱ्या."

"त्या परिसरात दुसरं 'श्रमसाफल्य' आमच्या नोंदीत नाही."

"तुमच्या नोंदीत नसू दे. आमच्या गावात आहेत. कितीतरी आहेत."

"आपली गैरसोय आम्हाला समजते. अठ्ठेचाळीस तासांत बदलून मिळेल."

अठ्ठेचाळीस तास एकदा गेले, दोनदा गेले, तिसऱ्यांदाही गेले. पोथी दिवाणावर पडून राहिली. दुपारचं जेवण झालं की उज्ज्वला तिथंच आडवी व्हायची, आणि बारीक अक्षरातली सूचना काही उगीच छापलेली नव्हती. डोळा लागला की साबण आत यायचा. हिरव्या टेकडीवर लांबच लांब तार बांधलेली, तारेवर पांढऱ्या चादरी, आणि चादरींच्या खालून दिसणारे जयसिंगचे पाय. टाच भेगाळलेली, अंगठ्याची चप्पल. ती चादर बाजूला करायची, तर मागं आणखी एक चादर. पाय सावकाश पुढं चाललेले. हाक मारावी तर आवाज फुटत नसे, पण भीती अजिबात वाटत नसे. वारा गार असायचा आणि चादरी तोंडाला ओल्या लागायच्या. चारला ती उठायची तेव्हा गाल खरोखरच ओले असत.

पुढं पुढं ती दुपारची वाट बघू लागली, हेही खरं. कुणा परक्या पोराच्या साबणातून का होईना, पाय तर दिसत होते. पण जाग आली की एकच विचार डोकं पोखरायचा: कुठल्या तरी घरात कुणीतरी ह्यांची पोथी उघडत असणार. गंमत म्हणून अंगठा घासत असणार. दोनशेतले किती उरले असतील?

चौदाव्या दिवशी शेवटचं पान बघताना तिला सुचायला हवं होतं ते सुचलं. त्या फोटोत एक घर होतं, फाटकावर 'श्रमसाफल्य', आणि मागं पाण्याची उंच टाकी, जिच्यावर कुण्या रंगाऱ्यानं भलामोठा मोर काढला होता. मोराची टाकी आगाशिवनगरात आहे हे कराडात शेंबड्या पोरालाही ठाऊक. उज्ज्वलानं पोथी पिशवीत घातली आणि रिक्षा केली.

व्हरांड्यात उन्हाला एक म्हातारी बसली होती, ऐंशीच्या घरातली, डोळ्यांवर काळा चष्मा. मांडीवर पोथी. उज्ज्वलानं फाटक लोटलं, पायरीवर पाय ठेवला, तोंडातून शब्द काढायच्या आत म्हातारीनं मान वर केली.

"आलीस व्हय बाई? ये. तुझीच वाट बघत हुते."

कंपनीनं आधी फोन केला असेल, असं उज्ज्वलाला वाटलं. आतून म्हातारीची मुलगी नीता हात पुसत आली आणि पिशवीतली पोथी पाहून ओशाळली. यांनीही तक्रार केली होती, यांनाही अठ्ठेचाळीस तास मिळाले होते. म्हातारी म्हणजे द्वारकाक्का. त्यांनी चाळीस वर्षं मसाला कांडपाची गिरणी चालवली होती. काचबिंदूनं दृष्टी गेली तरी मिरचीत भेसळ आहे का हे विचारायला लोक अजून यायचे. अक्का पोतं उघडायला सांगायच्या आणि नाकानं निकाल द्यायच्या.

"तुम्ही उघडलीत ना ही?" उज्ज्वलानं विचारलं. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा कडक आला.

"उघडली."

"तुमचा मुलगा नाही हे कळलं नाही?"

"पयल्याच घासाला कळलं."

"मग? दोनशे वेळाच चालते ती. माझ्याकडं दुसरं काही नाही ह्यांचं. शर्टसुद्धा संपला. किती वेळा उघडलीत?"

नीताच बोलली. "सकाळ-संध्याकाळ. मी नको म्हणत होते, ताई."

"लबाडी केली मी," अक्का म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू. हे जाऊन वीस वर्सं झाली, विकी गेल्याला बारा. घरात माणसाचा वास न्हाई. फोनवर तो दिसतो म्हनं, मला काय उपेग? ही पोथी आली, नि घर भरल्यागत झालं. दुसऱ्याचं हाय म्हाईत असून उघडत राहिले. शिव्या दे तू."

उज्ज्वलाला खरंच शिव्या द्यायच्या होत्या. पण नीतानं तोवर विकीची पोथी आईच्या हातात दिली होती. अक्कांनी ती दोन्ही हातांनी चाचपली, पदरानं पुसली, मध्यावर उघडली आणि अंगठा घासून पान नाकाशी नेलं. मग दुसरं पान. मग तिसरं. तोंडावरचं हसू जाग्यावरच राहिलं, नुसतं विझलं.

"साबण हाय गं," त्या म्हणाल्या.

नीतानं कपाळाला हात लावला. "शर्ट धुवून पाठवला असणार त्यानं. मळका कसा पाठवायचा आईला, म्हणून. इस्त्रीसुद्धा केली असेल."

"मीच तशी शिस्त लावल्याली," अक्का म्हणाल्या. "मळकं घालून दारात आलास तर याद राख म्हनायचे." आणि त्यांनी ते साबणाचं पान पुन्हा एकदा हुंगलं, नीट, सावकाश, कुठंतरी कडेला पोरगं उरलंय का ते बघत.

यावर कोण काय शिव्या देणार? उज्ज्वला शेजारच्या खुर्चीत बसली. नीतानं चहा आणला. मग चौदा दिवसांत पहिल्यांदा तिनं स्वतःची पोथी मांडीवर घेतली. कारखान्यानं शर्टाचा भाग भाग वेगळा वाचला होता: एक पान कॉलरचं, एक बाह्यांचं, एक पाठीचं, एक खिशाचं. तिनं कॉलरचं पान घासलं आणि डोळे मिटले. घाम, निंबोळी अर्क, उन्हानं तापलेलं डोकं. जयसिंग रोपांचे ट्रे उचलून तिच्या बाजूनं गेला. ती खुर्ची घट्ट धरून बसली. पण तो लगेच लांब गेला, पातळ झाला.

"विरळ झालंय," ती म्हणाली.

"विरळ न्हाई बाई. दाट हाय. तुला निम्मंच कळतंय."

"म्हणजे?"

"उरल्याली निम्मी तूच हायस त्यात. चौदा दिस तुमा दोघांचा वास घेतेय मी. मघाशी पायरीवर आलीस तवा वळखलं, ही पोथीतली बाई."

उज्ज्वलाला आधी ते खोटंच वाटलं. मग हळूहळू ध्यानात आलं. रोपवाटिकेत कुठली बाई नुसत्या साडीवर काम करते? उन्हाला, फवारणीला, काट्याकुट्याला नवऱ्याचा शर्ट वरनं चढवायचा ही रीतच. संध्याकाळी तोच शर्ट झटकून तो घालायचा. ऑर्डरच्या फॉर्ममध्ये 'हा कपडा इतर कुणी वापरला आहे का' असा प्रश्न होता आणि तिनं बेधडक 'नाही' लिहिलं होतं, कारण त्याला वापरणं म्हणतात हेच तिच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि आपला वास आपल्याला येत नाही. नाकाला जो वास सतत असतो तो ते हिशेबातून काढून टाकतं, नाहीतर नवा वास कळणार कसा? पिशवीत तोंड घालून चार वर्षं ती ह्यांना शोधत होती, आणि ते सापडत होते, पण त्यांना बिलगून दुसरं कोण होतं ते तिला कळायची सोयच नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. मंजिरी होती.

"आपल्या तक्रारीचा निकाल लागला आहे. झाल्या चुकीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. तपासणीत असंही आढळलं की आपल्या नमुन्यात त्रेचाळीस टक्के परकी मात्रा मिसळली आहे. नोंद उद्या पुसली जाईल. आज संमती दिल्यास परकी मात्रा वगळून, फक्त मूळ व्यक्तीची शुद्ध प्रत आम्ही विनामूल्य छापून देऊ. दोन्ही प्रती ठेवता येणार नाहीत. सध्याची पोथी परत घेऊन विरघळवली जाईल."

"शुद्ध म्हणजे फक्त हेच?"

"फक्त तेच. प्रत्येक पान सध्याच्या दुप्पट ठळक येईल, आणि पुन्हा दोनशे वेळा चालेल."

हेच तर तिला हवं होतं. ह्यांचाच वास, दुसरा कुणाचा नाही, आणि दुप्पट. हो म्हणायला तिनं तोंड उघडलंसुद्धा. मग का कुणास ठाऊक, ती थांबली.

"पाच मिनिटं द्या," ती म्हणाली, आणि पोथी अक्कांपुढं धरली. "अक्का, कुठं कुठं आहे मी? सांगा बरं. मला तर माझा वास यायचा नाही."

अक्कांनी मिरचीचं पोतं तपासावं तशी पानं घेतली. "कालरीला तू थोडी. जास्वंदीचं तेल लावतीस न्हवं? ते हाय. बाह्यांवर बरोबरीनं हायसा दोघं. पाठीला तोच. आनि हे..." त्या एका पानाशी थांबल्या. "हे खिशाचं. ह्यात तू लई हायस. म्हनून तर हेच जास्त उघडलं मी. तंबाखू, चुना, आनि वर सगळी तू. बाईच्या हाताचा वास. लसूण, कोथमिर, राख."

"खिशात मी कशाला असेन?"

आणि म्हणता म्हणता तिला आठवलं. इतकं रोजचं होतं की विसरूनच गेली होती. दाराजवळच्या खुंटीला शर्ट लटकायचा. जयसिंग आंघोळीला गेला की ती स्वयंपाकाचा हात तसाच खिशात घालायची, तंबाखूची पुडी काढायची आणि खताच्या खड्ड्यात भिरकावायची. तो दुपारपर्यंत नवी आणायचा. ती संध्याकाळी तीही काढायची. अकरा वर्षं. दोघं यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. एकदा तिनं हात घातला तर पुडीऐवजी शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा निघाला, आणि न्हाणीघरातून आवाज आला, "खा ती. रोज रोज काय मातीतच फेकतीस." तिला हसू आवरेना, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पुडी होतीच.

लक्ष दिलं नाही म्हणे. चार वर्षं मुरलेलं ते वाक्य, कुणीतरी कान धरून बाहेर काढावं तसं निघून गेलं. ती मनसोक्त रडली. नीतानं फोनवर हात ठेवला होता. अक्का खिशाचं पान धरून बसल्या.

मग तिनं डोळे पुसले आणि फोन घेतला.

"शुद्ध प्रत केली तर खिशाच्या पानावर काय उरेल?"

"तंबाखू, चुना आणि मूळ व्यक्तीचा घाम. परकी मात्रा त्या पानावर सर्वाधिक, म्हणजे एकाहत्तर टक्के आहे. ती पूर्ण काढली जाईल."

"नको. आहे तशीच राहू दे."

"सध्याची प्रत चौदा दिवस वापरली गेली आहे. ती लवकर संपेल, याची आपल्याला कल्पना आहे?"

"आहे."

"ठीक आहे. तक्रार बंद करत आहे. आपल्या पोथीवर 'परकी मात्रा त्रेचाळीस टक्के' अशी नोंद कायम राहील."

"तेवढं बदला," उज्ज्वला म्हणाली. "परकी नका लिहू. बायको लिहा."